दुपट्यातले पाय

बाळाला दुपट्यात गुंडाळणं ही आमच्या वॉर्डातली सगळ्यात मानाची कला होती. बारीकशा शिरेत सलाइनची सुई बसवणं हेही कौशल्यच, पण त्याचं कौतुक डॉक्टर करायचे. गुंडाळण्याचं कौतुक आम्ही सिस्टर लोक आपापसात करायचो आणि आमच्या लेखी ते जास्त मोलाचं होतं. दुपट्याचं एक टोक आत दुमडायचं, त्यावर बाळाचे खांदे आणायचे, एक हात अंगासरसा, एक कड ओढून पाठीखाली, खालचं टोक वर, मग दुसरा हात, दुसरी कड. नीट जमलं की बाळ सुरळीच्या वडीसारखं दिसायचं, वर नुसता चेहरा. नव्या मुलींनी गुंडाळलेली बाळं थोड्याच वेळात पाय बाहेर काढून मोकळी व्हायची आणि मग त्या मुलींची यथेच्छ टिंगल व्हायची. माझ्या हातचं दुपटं पुढच्या दुधाच्या वेळेपर्यंत सुटत नसे. मला त्याचा गर्व होता आणि मी तो लपवतही नसे.

हे नाशिकमधलं लहान मुलांचं एक हॉस्पिटल. नव्वदच्या दशकात नर्सिंगचा कोर्स संपवून मी तिथे लागले, लग्न तिथे असतानाच झालं आणि इंदिरानगरात दोन खोल्यांचा संसार मांडला. नवरा अंबडच्या कारखान्यात. त्याच्या पाळ्या आणि माझ्या ड्युट्या यांचं काही जमलं नाही; एकाने चहा करून झाकून ठेवायचा आणि दुसऱ्याने तो गरम करून प्यायचा, अशी आमची भेट. माझा स्वभाव तापट आहे असं तो म्हणतो. वॉर्डातही सगळे तेच म्हणायचे, तेव्हा ते खरं असावं.

शिकत असताना आम्हाला सांगितलं होतं की नवजात बाळाच्या नसा कच्च्या असतात, त्यामुळे त्याला आपल्यासारखं दुखत नाही. मग टाचेला सुई टोचल्यावर ते ओरडतं कशाला, असं मी वर्गात विचारलं. शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, ती प्रतिक्षिप्त क्रिया असते. हा शब्द कानावर पडला की प्रश्न विचारणारा आपोआप खाली बसतो. मीही बसले. पुढे वॉर्डात आल्यावर रोज टाचा टोचल्या, शिरा शोधल्या, चिकटपट्ट्या ओढून काढल्या. बाळं रडायची, आम्ही ‘झालं हं, झालं’ म्हणायचो, आणि पटकन दुपट्यात बांधून टाकायचो. बांधलं की बहुतेक बाळं गप्प होत. गप्प बाळ म्हणजे गुणी बाळ, एवढं साधं आमचं शास्त्र होतं.

नवं शतक लागल्यानंतर काही वर्षांनी आमच्याकडे एक तरुण डॉक्टर रुजू झाल्या. मोठ्या डॉक्टरांना आम्ही ‘सर’ म्हणायचो, म्हणून या ‘छोट्या मॅडम’ झाल्या. त्या मोठ्या शहरात शिकून आल्या होत्या आणि येताना एक तक्ता घेऊन आल्या होत्या. बाळाला किती दुखतंय हे त्यावरून मोजायचं. चेहरा आक्रसलाय का, रडणं कसं आहे, श्वास कसा चाललाय, हात कसे आहेत, पाय कसे आहेत, बाळ शांत आहे की तळमळतंय, असं सगळं बघून मार्क द्यायचे. शून्य म्हणजे काही दुखत नाही, सात म्हणजे असह्य. नाडी आणि ताप लिहितो तसे हे मार्कही रोज लिहायचे, असं त्यांनी सांगितलं.

पहिले काही दिवस नुसती गंमत चालली. आमच्यातल्या एका सिस्टरने शांत झोपलेल्या बाळाला सातपैकी सात दिले. तिचं म्हणणं, एवढं शहाणं बाळ, त्याचे मार्क कापायचे तरी कशाला. शाळेत ज्यांनी मार्कांपायी मार खाल्ला त्यांना जास्त मार्क वाईट असतात हे पचायला वेळ लागतोच. मॅडमनी पुन्हा समजावून सांगितलं आणि मग आम्ही सगळ्यांनी सरसकट शून्य द्यायला सुरुवात केली.

यामागे आळस नव्हता, हे मला सांगायलाच हवं. एक तर कोणाच्या ड्युटीत बाळाला पाच मार्क पडले की राउंडला सर विचारणार, पाच का, तुम्ही काय करत होता? म्हणजे दुखणं बाळाचं आणि शेरा सिस्टरच्या नावावर. दुसरं असं की मार्क द्यायची वेळ आम्ही राउंडच्या आधीची ठरवली होती. तेव्हा दूध पाजून झालेलं असायचं, लंगोट बदललेले असायचे आणि सगळी बाळं दुपट्यात बांधून ओळीने ठेवलेली असायची. तक्त्यावर ‘हात’ आणि ‘पाय’ असे दोन रकाने होते. हात-पाय दुपट्याच्या आत. मग काय लिहिणार? शांत, असं लिहायचं. बांधलेले हात-पाय शांत नसतील तर काय असतील, हे कोणाच्या डोक्यात आलं नाही. छोट्या मॅडमच्याही नाही.

लंगोट बदलण्याचं काम आमचं नव्हतं. ते वॉर्डातल्या मावशी करत किंवा दुधाच्या वेळी बाळांच्या आया येऊन करत. म्हणजे ज्यांच्यासमोर बाळ उघडं व्हायचं त्या मार्क देत नव्हत्या, आणि आम्ही मार्क देणाऱ्या बाळ बांधल्यावरच यायचो. मोठ्या सिस्टरांचा नियमच होता की दुधाची वेळ सोडून कोणी दुपटं सोडायचं नाही. मोठ्या सिस्टर म्हणजे वॉर्डाच्या प्रमुख. बुटक्या, करड्या आवाजाच्या, आणि पायात रबरी चपला असूनही त्या येताना ऐकू यायच्या. तो नियम त्यांनी उगाच केला नव्हता. वॉर्डात हीटर धड नसतानाच्या काळात उघडी राहिलेली अशक्त बाळं गार पडून गेलेली त्यांनी पाहिली होती. त्या कधी त्याबद्दल बोलत नसत, पण कोणाच्या दुपट्यातून पाऊल बाहेर दिसलं की त्यांचा चेहरा बदलायचा.

अशा दिवसांत ती मुलगी आमच्याकडे आली.

द्राक्षांचा हंगाम होता. हरसूलच्या पलीकडच्या पाड्यावरचं कुटुंब दिंडोरीकडच्या बागेत कामाला आलं होतं. भाताची कामं उरकली की डोंगरातली माणसं अशी खाली उतरतात आणि हंगाम संपला की आवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या आधी घरी परततात. त्या घरच्या सुनेचे दिवस अजून भरायचे होते, पण बागेतच कळा सुरू झाल्या आणि मुलगी महिनाभर आधीच जन्मली. अंगाने बारीक, डोक्यावर मात्र भरघोस जावळ. पहिल्या आठवड्यात तिच्या रक्तात जंतू झाले. सलाइन, इंजेक्शनं, ऑक्सिजन, सगळं झालं, आणि ती त्यातून वाचली. आता फक्त वजन भरायचं राहिलं होतं. वजन भरलं की घरी, असं सरांनी सांगून टाकलं होतं.

पण वजन भरेना. दूध प्यायची, मधेच सोडून द्यायची, कुरकुर करायची. अंगात ताप नव्हता. सगळ्यांचं निदान तयार होतं: हिला हाताची सवय लागली. एवढ्याशा जिवाला हाताची सवय लावल्याबद्दल तिच्या आईला सगळ्यांनी एकेकदा बोलून घेतलं. सासूने तर वर आणखी दुधालाच दोष दिला. सासू दिवसभर व्हरांड्यात बसून असायची, कपाळावर गोंदण, हातात पिशवी, आणि सून समोर आली की सुरू. तू काहीबाही खातेस, तुझं दूध पोरीला बाधतं. ती सून विशीचीही नसेल. ती काही बोलायची नाही. मान खाली घालून आत यायची, स्टुलावर बसून पोरीला पाजायची आणि मान खाली घालून जायची.

एका सकाळी मोठ्या सिस्टर तिच्यावर भडकल्या. दुधाची वेळ होऊन गेली होती आणि मुलीचा लंगोट चिंब ओला होता. बदललाच नव्हता. मांड्या लाल झाल्या होत्या. आदल्या दिवशीही असंच झालं होतं म्हणे. मावशी बदलायला गेल्या तर या बाईनेच त्यांना सांगितलं की मी बदलते, आणि बदलला नाही. मोठ्या सिस्टर आख्ख्या वॉर्डाला ऐकू जाईल अशा आवाजात स्वच्छतेवर बोलल्या. व्हरांड्यातून सासूनेही साथ दिली की ही घरीही अशीच आळशी आहे. ती मुलगी, म्हणजे ती आई, जमिनीकडे बघत उभी राहिली.

मलाही तिचा रागच आला होता. दुपारच्या दुधाच्या वेळी मी तिच्या शेजारी जाऊन उभी राहिले आणि जरा तोऱ्यातच विचारलं की बाई गं, लंगोट बदलायला तुला होतं काय?

ती म्हणाली, “सोडलं का रडती, ताई. बांधलं का गप ऱ्हाती. मंग मी सोडतच नाय.”

सोडलं की सगळीच बाळं रडतात, गार लागतं त्यांना, असं मी तिला समजावलं. तिने मान हलवली. मी जायला वळले तेव्हा ती हळूच म्हणाली, “हिचं रडणं तसं नाय, ताई.”

कसं आहे ते तिला सांगता येईना. मी तिला म्हटलं, चल, आपण दोघी मिळून सोडू. हात चोळून चोळून गरम केले, टेबलावरचा दिवा जवळ ओढला म्हणजे गारठ्याची सबब उरायला नको, आणि दुपटं सोडलं.

रडली. पण ते नेहमीचं रडणं होतं, हात-पाय झाडत रडतात तसं. हात झाडले तिने. उजवा पाय झाडला. डावा पाय मात्र तसाच. गुडघ्यात जरासा वाकलेला, बाहेरच्या बाजूला पडलेला, जणू त्याचा या भांडणाशी काही संबंध नाही. मी लंगोटाची गाठ सोडली आणि सगळे करतात तसं दोन्ही पायांचे घोटे एका हातात धरून वर उचलले.

त्याबरोबर तिचं रडणं बदललं. एक तीक्ष्ण किंकाळी, आणि मग आवाजच नाही. तोंड उघडं, कपाळावर आठ्या, हनुवटी थरथरतेय आणि श्वास अडकलेला. मी पाय खाली ठेवले. तिने श्वास घेतला आणि मग कण्हल्यासारखी रडत राहिली. आईने माझ्याकडे पाहिलं. तिला काय म्हणायचं होतं ते आता मला कळलं होतं.

मला भीती वाटली. पहिल्या आठवड्यात मी स्वतः तिचं अंग पुसलं होतं आणि तेव्हा हे दोन्ही पाय मजेत हलत होते, एवढं मला पक्कं आठवत होतं. जन्मताना इजा झालेली बाळं मी पाहिली होती, पण त्यांचं पहिल्या दिवसापासून दिसतं. हे नंतर झालेलं होतं, आणि झालेलं असताना रोज सकाळी आम्ही तिच्या पायांपुढे ‘शांत’ असं लिहीत होतो.

मी तिला अलगद पुन्हा गुंडाळलं, तक्ता घेतला आणि मार्क दिले. सहा.

मोठ्या सिस्टरांनी आकडा पाहिला आणि चष्मा वर सरकवला. सकाळी शून्य, दुपारी सहा, हे काय आहे, सरांना काय सांगायचं? बाळाला आधी पाज, बांध, शांत होऊ दे आणि मग पुन्हा बघ, असं त्या म्हणाल्या. मी म्हटलं, बांधल्यावर शून्यच येणार आहे. त्या म्हणाल्या, मग शून्यच लिही. माझा आवाज चढला. त्यांचाही चढला. मावशी फरशी पुसायची थांबून आमच्याकडे बघायला लागल्या. मी शेवटी म्हटलं, “सिस्टर, तुम्ही स्वतः येऊन सोडा. शून्य आलं तर मी माझ्या हाताने खोडते.”

त्या आल्या. ताठ मानेने, मला धडा शिकवायलाच आल्या. त्यांचे हात मात्र फार मऊ होते. त्यांनी इतक्या अलगद दुपटं सोडलं की मुलगी जागी झाली तरी रडली नाही. त्यांनी उजव्या मांडीवरून बोट फिरवलं, मग डाव्या मांडीवरून. डावी मांडी वरच्या बाजूला किंचित भरलेली दिसत होती, चामडीची घडी दुसरीपेक्षा निराळी पडली होती. त्यांनी गुडघा धरून पाय जेमतेम हलवला आणि मुलगी किंचाळली. मोठ्या सिस्टरांनी हात काढून घेतला. त्या टेबलाकडे गेल्या, फोन उचलला आणि छोट्या मॅडमना म्हणाल्या की राउंडची वाट बघू नका, आत्ता या.

पुढचं सगळं भरभर झालं. मॅडम आल्या, त्यांनी सरांना बोलावलं, सोनोग्राफी झाली, हाडांचे डॉक्टर आले. रक्तातले जंतू औषधाने मेले होते, पण त्यातले काही जाऊन डाव्या खुब्याच्या सांध्यात बसले होते आणि तिथे पू झाला होता. हाडांचे डॉक्टर स्पष्ट बोलणारे होते. हा पू आजच काढायला हवा, म्हणाले. मांडीचं हाड या वयात कोवळं असतं, पू त्याला खात जातो. अजून थांबलो तर पोरगी जगेल, पण आयुष्यभर लंगडेल. आज केलं तरी पाय शंभर टक्के वाचेल असं वचन देत नाही, पण संधी आहे.

बाप बागेत होता. त्याला निरोप गेला, पण तो येईपर्यंत थांबायला वेळ नव्हता. व्हरांड्यात मी आणि छोट्या मॅडम सासूसमोर बसलो आणि सांगितलं. ती ऐकून घेत होती. ऐकून झाल्यावर तिने पिशवी उचलली. कापायचं नाय, म्हणाली. आमची पोरगी चांगली होती, तुम्हीच सुया टोचून टोचून तिचा पाय मारला. आम्ही तिला घरी नेतो, आमच्याकडे औषध देणारा माणूस आहे, तो बघेल.

मला संताप आला, आणि त्याचबरोबर हेही कळत होतं की म्हातारी सगळंच खोटं बोलत नव्हती. तिच्या नातीला आम्ही खरंच पुष्कळ टोचलं होतं. सुया टोचल्या नसत्या तर ती वाचली नसती हे जितकं खरं, तितकंच हेही खरं की तिच्या पायाकडे आमच्यापैकी कोणी पाहिलं नव्हतं. मॅडम जंतू, सांधा, हाड असं सगळं शांतपणे पुन्हा सांगत होत्या आणि म्हातारी भिंतीकडे बघत होती. सांगून उपयोग नव्हता. मी उठले आणि म्हटलं, आजी, आत चला.

आजींना वॉर्डात यायला बंदी होती. मोठ्या सिस्टर दारातच होत्या. त्यांनी नुसता हात धुवायच्या नळाकडे बोट केलं.

मी आजींचा अंगठा घेऊन नातीच्या उजव्या तळव्याला टेकवला आणि जरा दाबायला सांगितलं. त्या पायाने लगेच अंगठा ढकलला. नवं बाळ ढकलतंच, पण आजींच्या तोंडावर हसू आलं, ताकद हाय पोरीत, म्हणाल्या. मग डाव्या तळव्याला अंगठा टेकवला. काहीच नाही. त्यांनी जरा जास्त दाबलं. पाय हलला नाही, पण मुलीचा चेहरा आक्रसला आणि ती कण्हायला लागली. आजींनी अंगठा चटकन मागे घेतला आणि त्या तशाच हात हवेत धरून उभ्या राहिल्या.

मी म्हटलं, ती रोज अशीच कण्हत होती आजी, आम्हाला बांधलेलं बाळ दिसत होतं म्हणून ऐकू आलं नाही. आणि हिच्या आईला ऐकू येत होतं म्हणून ती लंगोट सोडत नव्हती.

आजी सुनेकडे वळल्या. सून पाळण्याची कड धरून उभी होती. तिला मी इतक्या दिवसांत सासूसमोर एक अक्षर बोलताना पाहिलं नव्हतं. ती म्हणाली, “आत्या, डोंगर चढायचा हाय तिला. कापू द्या. अंगठा मी देते.”

 सुनेने कागदावर अंगठा उठवला तेव्हा आजींनी तिच्या हाताला लागलेली शाई आपल्या पदराने पुसली, एवढंच मी पाहिलं.

ऑपरेशन संध्याकाळच्या आत झालं. पू निघाला. मुलगी परत आली ती कमरेपासून पायापर्यंत खपाटीला, म्हणजे आधाराच्या पट्टीला बांधलेली, कापूस आणि पट्ट्यांमध्ये फक्त बोटं दिसणारी. आणि मग आमचा तक्ता पहिल्यांदा खऱ्या अर्थाने कामाला लागला. आता मार्क लपवायचं कारण उरलं नव्हतं. तीनच्या वर गेले की मॅडमना कळवायचं आणि दुखण्याचं औषध द्यायचं. ड्रेसिंगच्या आधी जिभेवर साखरेच्या पाण्याचे थेंब. ड्रेसिंग करताना आईने डोक्यावर तळवा ठेवायचा, दुसऱ्या हाताने बाळाच्या मुठी छातीशी धरायच्या. ही गोष्ट आम्ही आधी करत नव्हतो, कारण आईसमोर बाळाला टोचलं तर आईच रडेल, अशी आमची समजूत होती. ती रडायचीच. पण हात काढायची नाही, आणि मुलगी लवकर शांत व्हायची.

मोठ्या सिस्टरांनी वॉर्डाचा नियम बदलला तो मात्र त्यांच्या पद्धतीने, म्हणजे कोणाशी चर्चा न करता. एका सकाळी येऊन त्यांनी जाहीर केलं की यापुढे मार्क देणारीने स्वतः लंगोट बदलायचा. नव्या मुलींनी नाकं मुरडली. एकीने म्हटलं, ते तर मावशींचं काम. मोठ्या सिस्टर म्हणाल्या, “आधी सोडायचं, मग मार्क. बांधलेल्या बाळाचे मार्क मला दाखवू नका.” दुसरा हीटर हवा म्हणून त्या सरांशी भांडल्या आणि तो मिळवलाच. त्या आठवड्यात तक्त्यावर दोन, तीन, चार असे आकडे दिसायला लागले आणि आकाश काही कोसळलं नाही. सरांनी विचारलं तेव्हा आम्ही सांगायचो की याला सलाइनच्या जागी सूज आहे, हिची चिकटपट्टी ओढली जातेय. सलाइन काढली जायची, पट्टी बदलली जायची. इतकं सोपं होतं ते, आणि मला त्याचा फार आनंद व्हायचा. घरी जाऊन नवऱ्याला सांगायचे तर तो म्हणायचा, तुझ्याकडे आता बाळांनाही तक्रार करायची सोय झाली.

आईला तक्ता वाचता येत नव्हता, पण ती तो बोटांवर शिकली. चेहरा, आवाज, श्वास, हात, पाय, झोप. मी आले की ती बोटं दाखवायची. एक बोट असलं की तिचा चेहरा उजळलेला असायचा. वजनही भरायला लागलं. बाप यायचा, दाराच्या काचेतून बघायचा आणि आमच्यासाठी कागदात बांधून द्राक्षं ठेवून जायचा. बागेतली निवडून टाकलेली, पण गोड.

एक गोष्ट मात्र कोणी उघड बोलत नव्हतं. पाय.

खपाटी काढली तेव्हा पाय सरळ होता, सूज नव्हती, दाबलं तरी ती कण्हत नव्हती. पण तो हलतही नव्हता. उजवा पाय सारखा चालू आणि डावा गादीवर ठेवल्यासारखा. हाडांचे डॉक्टर म्हणाले, इतके दिवस बांधलेला होता, वाट बघू.   आई दुधाच्या वेळी दुपटं सोडून त्या पायावरून तेलाचं बोट फिरवत बसायची. आजी आता व्हरांड्यात सुनेला बोलत नसत, तिच्यासाठी डब्यात नागलीची भाकरी घेऊन बसलेल्या असत. हंगाम संपत आला होता. बागेतली माणसं घरी परतायला लागली होती. तिला डोंगरात पाठवायची वेळ जवळ आली आणि पाय तसाच.

जायच्या आदल्या दिवशी तिला त्रिगुणी लस द्यायची होती. चांगल्या मांडीत देऊ, असं मी ठरवलं. आईने तिला मांडीवर घेतलं, पदराखाली पाजायला सुरुवात केली. मुलगी दूध पीत होती, डोळे मिटत आले होते. मी मांडी पुसली, सुई टोचली, औषध गेलं, सुई बाहेर काढली. क्षणभर काहीच झालं नाही. मग तिने दूध सोडलं आणि तोंड उघडलं.

ती अशी रडली की शेजारच्या खोलीतल्या आया दारात आल्या. कण्हणं नाही, अडकलेला श्वास नाही, सरळ खणखणीत राग. तोंड लालबुंद, मुठी वर, उजवा पाय माझ्या हातावर दणादण. आणि मग डावाही. आधी नुसता थरथरला, मग गुडघ्यात वाकला, मग सुटला आणि माझ्या हातातल्या ट्रेला असा लागला की कापसाचे बोळे जमिनीवर पसरले. मी ते उचललेही नाहीत. मी बघत बसले. तो पाय पुन्हा वाकला आणि पुन्हा सुटला.

मागे मोठ्या सिस्टर उभ्या होत्या. त्यांनी विचारलं, किती?  मी हाताची बोटं दाखवली, ती सात होती की नव्हती कोण जाणे. त्या म्हणाल्या, “सातच. लिहून टाक.” आणि वळून गेल्या, रबरी चपला वाजवत, नेहमीपेक्षा जरा जोरात.

मी इतकी वर्षं जे करत आले तेच आपोआप करायला लागले. आईच्या मांडीवर अंथरलेल्या दुपट्याचं टोक दुमडलं, तिचे खांदे त्यावर घेतले, कड ओढली. रडणाऱ्या बाळाला बांधायचं, एवढंच माझ्या हातांना माहीत होतं. आईने माझं मनगट धरलं. ती हसत होती आणि तिचा सगळा चेहरा ओला झाला होता.

“बांधू नका, ताई,” ती म्हणाली. “मारू द्या लाथा.”

मी दुपटं सोडून दिलं. आजींना दारातून आत बोलावलं, आणि मुलगी रडून रडून दमेपर्यंत आम्ही तिघी तिथेच थांबलो.